कोपऱ्यातली लाल फुली

इस्पितळातली चादर मरत नाही, तिची बदली होते. हे तत्त्वज्ञान शिवणबाईंचं नव्हे. तत्त्वज्ञानाला त्यांना सवड नव्हती. पण एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. मोठ्या वॉर्डातली चादर मधोमध विरली, की ती तळघरातल्या शिवणखोलीत येई. विरलेला पट्टा कापून टाकायचा, धड राहिलेल्या दोन्ही कडा एकमेकींना जोडायच्या, की झाली अरुंद खाटेची चादर. तीही फाटली की उशांचे अभ्रे. अभ्र्यांनी मान टाकली, की त्यांतल्या शाबूत तुकड्यांचे बाळंतिणींच्या वॉर्डासाठी लंगोट. लंगोट झिजला की फरशीचं फडकं. त्यापुढची बदली कचऱ्याच्या पिंपात, आणि तिच्याविरुद्ध कुठे अर्ज करता येत नसे.

या सगळ्यात लंगोट मऊ. दोनशे वेळा उकळलेल्या कापडाचा सगळा ताठा गेलेला असतो. नव्या कापडाला पाणी प्यायचं वळण नसतं, ते थेंब अंगावरून घरंगळू देतं. जुनं कापड कुरकुर न करता सगळं पोटात घेतं. माणसांचंही तसंच असतं असं शिवणबाई म्हणाल्या असत्या, पण त्यांना कोणी विचारलं नाही.

लंगोट चोरीला जात. घरी निघालेल्या बाळाच्या अंगाखाली दोन, पिशवीत चार. तेव्हा मेट्रनबाईंनी फर्मान काढलं, की प्रत्येक लंगोटाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली घालायची. चोरी काही थांबली नाही. फक्त चोरीचा माल ओळखू येऊ लागला. शिवणबाई लाल दोऱ्याची सुई खांद्यावर टोचून ठेवत. कड शिवून झाली की दोरा तोडायचा, खांद्यावरची सुई घ्यायची, दोन टाके असे, दोन टाके तसे, सुई परत खांद्यावर. त्यात डोक्याचा काही संबंध उरला नव्हता. बोलता बोलता, खोकता खोकता, एकदा तर ताप अंगात असताना त्यांनी अख्खा ढीग संपवला होता आणि नंतर त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं.

याच फुलीपायी त्यांचं लग्न झालं.

इस्पितळातल्या औषधखिडकीवर एक कंपाउंडर होते. नाकासमोर चालणारे, गोळ्या दोनदा मोजणारे. त्यांची बायको दुसऱ्या बाळंतपणात त्याच इस्पितळात वारली, आणि मागोमाग चार दिवसांनी मुलगीही. आठवड्याने ते तळघराच्या पायऱ्या उतरून शिवणखोलीच्या दारात उभे राहिले. हातात एक चिठ्ठी होती.

"वॉर्डातला एक लंगोट कमी भरेल," ते म्हणाले. "मुलीच्या अंगावर होता. तो तसाच... तिच्याबरोबर गेला. कुणावर आळ नको, म्हणून लिहून आणलंय."

शिवणबाईंनी चिठ्ठी वाचली. खाली सही होती, तारीख होती.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मी दुसरा शिवेन."

एवढंच बोलणं. पण त्यानंतरची दोन वर्षं कंपाउंडर अधूनमधून खाली येत राहिले. कधी कोटाचं बटण, कधी खिशाची शिवण. एका माणसाच्या एका कोटाला इतकी बटणं कशी, असं धुलाईखात्यातल्या धोब्याने विचारायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी लग्न करून टाकलं. शिवणबाई छत्तिशीच्या होत्या. आता कसलं लग्न, असं म्हणणारे सगळे नातेवाईक आधीच निवर्तले होते, त्यामुळे अडचण आली नाही.

पहिल्या बायकोचा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. तो शिवणबाईंना काहीच म्हणत नसे. उद्धट नव्हता, ताट उचलून ठेवायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. फक्त हाक मारायची वेळ आली की खाकरायचा. आणि मग थेट मुद्द्यावर, "वह्या संपल्या." शिवणबाईंना आधी वाटलं घसा धरलाय, म्हणून पहिला आठवडाभर त्यांनी त्याला गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. तो मुकाट करत राहिला. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की 'आई' म्हणायचं नाही आणि दुसरं काही सुचत नाही, तो शब्द घशातच अडकतो आणि त्याचा नुसता आवाज बाहेर येतो. इस्पितळाकडे तर तो फिरकतच नसे. शाळेतून येताना लांबच्या रस्त्याने वळसा घेई. शिवणबाई तिथे 'शिवणकाम' करतात एवढं त्याला ठाऊक होतं. काय शिवतात हे त्याने कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. घरात शिवण भरपूर झाली, पण घरातलं कोणी काही चोरणार नव्हतं, त्यामुळे फुलीचं कारण पडलं नाही.

असं खाकरत खाकरत तो मोठा झाला आणि काटे दुरुस्त करू लागला. दुकानांतले तराजू, गोदामांतले वजनकाटे. ते खरं बोलतात की नाही हे तपासायचं आणि खोटं बोलणाऱ्यांना वठणीवर आणायचं. हात मोठा सूक्ष्म. वजनाच्या बुडाला ओरखडा असला तर त्याच्या डोळ्यांआधी बोटाला कळे.

कंपाउंडर आठ महिने अंथरुणावर होते. शेवटी शेवटी एकदा म्हणाले, "पोरगा वाईट नाही हो. कधीतरी मोकळा होईल त्याचा घसा." औषधांतलं कळणाऱ्या माणसाचं बोलणं, म्हणून शिवणबाईंनी ते मनात ठेवलं.

मग सूनबाई आल्या. त्या एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी करत, त्यामुळे घरी आल्यावर ऐकून घ्यायची त्यांची तयारी नसे, बोलत त्याच. पहिल्याच दिवशी "आई, चहात साखर किती?" म्हणून मोकळ्या झाल्या. शिवणबाई गडबडून मागे वळून पाहत राहिल्या, की हाक नक्की कोणाला आली.

सूनबाईंना सातवा महिना लागला तेव्हा शिवणबाईंच्या निवृत्तीला वर्ष झालं होतं. इस्पितळाने शिवणखोली बंद केली होती. आता सगळं पाकिटातून येई आणि पिंपात जाई, मधल्या बदल्या रद्द. एका संध्याकाळी सूनबाई मोबाइल नाचवत आल्या.

"आई, हे बघा. कापडी डायपर. घरी शिवायचे, धुवायचे, परत वापरायचे. तुम्हाला येतील का शिवायला?"

एकतीस वर्षं रोज दहा-बारा लंगोट शिवलेल्या बाई म्हणाल्या, "येतील थोडेफार."

"मग तुमच्यावर सोपवलं. आणि ऐका, नव्या घरी तुमचं मशीन आपण खिडकीशी ठेवू. उजेड चांगला आहे तिथे."

नवं घर म्हणजे तीन खोल्यांचं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. मूल यायच्या आधी तिकडे जायचं ठरलं होतं. कोण कोण जाणार हे ठरलं नव्हतं, निदान कोणी बोललं नव्हतं. काटेवाला कोपऱ्यात बसून एका तराजूचा काटा घासत होता. तो खाकरला.

"बघू," म्हणाला.

नाही म्हणाला नव्हता. शिवणबाईंनी तो 'बघू' उचलला आणि कामाला लागल्या. लंगोट चांगले झाले तर मूल त्यांच्या हातात येईल, मूल हातात आलं तर खिडकीही मिळेल, असा तो सरळ धागा होता. आणि सरळ धाग्यावर त्यांचा भरवसा होता.

कापडावरून आधी थोडी जुंपली. सूनबाईंना नवं, छापील, ससे असलेलं कापड हवं होतं.

"ससे पाणी पीत नाहीत," शिवणबाई म्हणाल्या.

"आणि बटणं? त्या व्हिडिओत टिचकी मारून बंद होतात."

"उकळत्या पाण्यात घातली की टिचकी संपली. बंद लावते बांधायला. गाठ उकळून मरत नाही."

त्यांनी कपाटातून चार चादरी काढल्या. पांढऱ्या, धुऊन धुऊन सायीसारख्या झालेल्या. कंपाउंडरांचे शेवटचे आठ महिने याच चादरींवर गेले होते. हे त्या बोलल्या नाहीत. आजोबांची मांडी मिळणार नव्हती, निदान चादर मिळेल, असा काहीसा विचार असावा. किंवा घरात याहून मऊ कापड नव्हतं, एवढाच. वरखाली चादर, मध्ये जुन्या टॉवेलचा तुकडा, दोन्ही बाजूंना बंद.

पहिला लंगोट पाहून सूनबाईंना हसू आवरेना. "आई, हा बाहुलीचा आहे का?"

इस्पितळातून बाळंतीण पाचव्या दिवशी घरी जाई. इतक्या वर्षांत शिवणबाईंच्या लंगोटाने सहाव्या दिवसाचं मूल पाहिलेलं नव्हतं. त्यापुढे मुलं वाढतात हे त्यांना ऐकून माहीत होतं. पण किती, आणि कुठे कुठे, याचा अंदाज नव्हता. त्या ओशाळल्या.

आणि तेव्हा अघटित घडलं. काटेवाला उठला, खाकरला आणि म्हणाला, "माप मी देतो."

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातून लोखंडी वजनं आणली. एका उशीला शिवणबाईंनी चिंध्यांचे दोन पाय शिवले. पाच महिन्यांचं मूल धरून काटेवाल्याने उशीच्या पोटात पाच किलो आणि एक किलो घातलं. मांड्यांचा घेर सूनबाईंनी मोबाइलवर शोधून सांगितला. ते ध्यान खुर्चीत बसवलं तर मागे रेलून, पाय पसरून, पोट पुढे काढून बसलं.

"अगदी आमचे साहेब," सूनबाई म्हणाल्या. "दिवसभर असेच बसतात. काही करत नाहीत, नुसते जड."

त्या दिवसापासून ते साहेबच झाले. पंधरा दिवस रोज संध्याकाळी साहेबांना कच्च्या टाक्यांचा लंगोट नेसवायचा कार्यक्रम चाले, पक्की कड शिवणबाई दुसऱ्या दिवशी दुपारी एकट्या बसून शिवत. काटेवाला गुडघ्यावर बसून मांडीशी बोट घालून पाही. "इथे सैल आहे. गळेल." शिवणबाई दोरा उसवत. "आता?" "आता बसला." एकदा त्याने कोरडा लंगोट तोलला, वाटीभर पाणी ओतलं, परत तोलला आणि सगळं पाणी आत राहिलं म्हणून मान डोलावली. आठवडाभरात तो शिवणबाईंशी जितकं बोलला तितकं बावीस वर्षांत बोलला नव्हता. खाकरणंही कमी झालं होतं. कंपाउंडरांचं निदान बरोबर येतंय की काय, असं शिवणबाईंना वाटू लागलं.

अठ्ठेचाळीस लंगोट झाले. त्यांनी ते तीनदा उकळले आणि सुट्टीच्या दुपारी गॅलरीतल्या दोरीवर ओळीने वाळत घातले. ऊन स्वच्छ होतं. काटेवाला आपणहून आत न्यायला गेला.

बराच वेळ तो आला नाही. शिवणबाई दारात गेल्या, तर तो एक लंगोट हातात धरून उभा होता आणि अंगठा कोपऱ्यावर होता. कोपऱ्यात लाल फुली. पुढच्याच्या कोपऱ्यात लाल फुली. दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अठ्ठेचाळीस.

शिवणबाईंनी त्या पहिल्यांदा तेव्हाच पाहिल्या. कड संपते, दोरा तुटतो, हात खांद्याकडे जातो. जित्याची खोड म्हणतात ती ही. लंगोट शिवायला घेतले त्या दिवशीच हाताने लाल दोऱ्याची सुई ओवून खांद्यावर टोचली होती, ती आत्ताही तिथेच होती.

"ही खूण कोणी घातली?" त्याने विचारलं. या वेळी खाकरला नाही.

"मीच. म्हणजे हाताने घातली. सवय आहे हाताला."

"ही तिला होती."

"कोणाला?" सूनबाई आतून आल्या. "कोणाला काय होतं?"

"माझ्या बहिणीला."

"तुला बहीण होती?"

"चार दिवस."

सूनबाईंनी दोरीवरच्या जवळच्या लंगोटाचा कोपरा उलटून पाहिला.

"बाबांनी कापडात गुंडाळून आणली होती," तो लंगोटाकडे पाहत म्हणाला. "मी नऊ वर्षांचा होतो. तोंड पाहू दिलं नाही मला. लंगोटाचा एक कोपरा बाहेर आला होता, तेवढाच दिसला." मग त्याने मान वर केली. "तो तुम्हीच शिवला होता?"

खोटं बोलता आलं असतं. पण समोर काटे तपासणारा माणूस होता, आणि शिवणबाईंना सवयही नव्हती.

"त्या इस्पितळात दुसरी शिवणबाई नव्हती," त्या म्हणाल्या.

तो ओरडला नाही, आदळआपट केली नाही. त्याने अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस काढले, नीट घड्या घातल्या आणि बादलीत ठेवले. "आपण तयार आणू," तो बायकोला म्हणाला. "पाकिटातले."

"अरे, पण आईंनी मुद्दाम थोडंच..."

"मी कुठे म्हटलं मुद्दाम?"

हेच खरं दुखणं होतं. मुद्दाम केलं असतं तर माफी मागता आली असती.

शिवणबाईंनी फुल्या उसवायला घेतल्या. ब्लेडचं टोक, एकेक टाका. नवं कापड असतं तर एका धुण्यात भोकं मिटली असती. जुनं कापड सगळं पोटात घेतं, पण त्याला मिटता येत नाही. प्रत्येक कोपऱ्यात चार बारीक भोकं राहिली. सूनबाईंनी एका शब्दानेही न विचारता ती चळत आपल्या बॅगेत तळाशी ठेवली, वर कपडे ठेवले.

घर हलवायच्या आदल्या दिवशी काटेवाला दारात येऊन खाकरला. जुनं खाकरणं, पूर्वीइतकंच खोल.

"तिकडची लिफ्ट लहान आहे," तो म्हणाला. "मशीन जाणार नाही. तुम्हाला मशीनशिवाय करमायचं नाही. तर सध्या इथेच... बघू."

"बरोबर आहे," शिवणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच लिफ्टमधून लोखंडी कपाट गेलं, हे सूनबाईंनी फोनवर बोलण्याच्या ओघात सांगून टाकलं. दिवसभर मोजमाप करणाऱ्या माणसाने लिफ्ट तेवढी मोजली नव्हती.

मुलगी झाली, दुसऱ्या इस्पितळात, त्याच्या हट्टावरून. शिवणबाई पाहून आल्या. तीन किलो शंभर ग्रॅम, काटेवाल्याने स्वतः आणलेल्या काट्यावर. अंगावर पाकिटातला लंगोट, त्यावर ससे. सूनबाईंनी मूल त्यांच्या हातात दिलं. काटेवाला पलंगाशी उभा राहून त्यांच्या हातांकडेच पाहत होता, तेव्हा त्यांनी ते लवकर परत दिलं.

चौथ्या महिन्यात सूनबाईंचा फोन आला. "आई, त्या पाकिटातल्यांनी पोरीची कातडी सोलून निघाली हो. मी गुपचूप तुमचे काढले. आठ दिवसांत लोण्यासारखी झाली. पण आता हे पोटावर काचतात. पोरगी वाढतेय धडाधड. मोठे हवेत, दोन डझन तरी."

"त्याला चालेल?"

"त्यालाच म्हटलं, तू सांग आईंना. तर म्हणाला, तूच सांग."

साहेब खुर्चीत होतेच. इतक्या महिन्यांत त्यांच्याइतकं सोबतीला कोणी बसलेलं नव्हतं. शिवणबाईंनी आणखी दोन चादरी काढल्या. लाल रीळ त्यांनी केव्हाच टाकून दिलं होतं. पहिला लंगोट झाला, कड संपली, दोरा तुटला, हात खांद्याकडे गेला. खांद्यावर सुई नव्हती. हात जरा वेळ तिथेच घुटमळला, मग त्याने समोरची पांढऱ्या दोऱ्याची सुई उचलली. दोन टाके असे, दोन टाके तसे.

पांढऱ्यावर पांढरी फुली. चष्मा लावूनही दिसत नव्हती.

ब्लेड जवळच होतं. त्यांनी ते घेतलं, कोपऱ्यापर्यंत नेलं आणि परत डब्यात ठेवलं. पहिली फुली हाताने घातली होती. उरलेल्या तेवीस शिवणबाईंनी घातल्या.

न्यायला काटेवाला आला. पायातले बूट काढले नाहीत, उंबऱ्याच्या आत एक पाऊल घेऊन उभा राहिला. शिवणबाईंनी चळत पुढे केली. तो सवयीने एकेकाची कड चाचपत गेला. मांडीशी, बंदाशी, कोपऱ्याशी. कोपऱ्याशी बोट थांबलं. पुढे सरकलं, परत मागे आलं. त्याने दुसरा लंगोट घेतला. तिथेही बोट कोपऱ्यावर थांबलं. तिसरा घेतला नाही.

शिवणबाई मशीनच्या चाकावर हात ठेवून उभ्या होत्या. तो खाकरला. त्या थांबल्या. घसा मोकळा व्हायचा असेल तर आत्ताच होईल, अशी वेळ होती. खालून रस्त्यावरची एक गाडी मागे घेताना वाजत राहिली, मग तीही थांबली.

काटेवाल्याने चोवीसच्या चोवीस पिशवीत घातले. मग आत आला, साहेबांच्या पोटाची शिवण दोन बोटांनी फाकवली आणि खिशातून दोन किलोचं वजन काढून आत ढकललं.

"पुढचं माप लागेल," तो साहेबांकडे पाहत म्हणाला. "तेव्हा आठ भरेल ती. निघतो."

पावलं जिन्यावरून उतरली. शिवणबाईंनी सुई ओवली आणि साहेबांचं पोट परत शिवून टाकलं. नात वाढतेय हे त्यांना आता खुर्चीच्या कुरकुरण्यावरून कळणार होतं.